विश्लेषण : चेंडू हलण्याआधीच सामना फिरवणारा प्रशिक्षक... कोण होते जॉर्ज हॅलस?

अमेरिकन फुटबॉलचा सामना पहिल्यांदा पाहणाऱ्याला एक गोष्ट हमखास बुचकळ्यात टाकते. दोन्ही संघ समोरासमोर दबा धरून उभे असतात, चेंडू जमिनीवर असतो आणि तेवढ्यात आक्रमण करणाऱ्या संघातला एकच खेळाडू मैदानाला समांतर धावत सुटतो. चेंडू अजून जागचा हललेलाही नसतो. या धावण्याला ‘प्री-स्नॅप मोशन’ म्हणतात. अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीग अर्थात एनएफएलमध्ये आज मायामी डॉल्फिन्स, सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स यांसारख्या संघांच्या आक्रमणाचा तो मोठा आधार आहे. ही युक्ती नवी वाटत असली तरी व्यावसायिक फुटबॉलमध्ये तिचा दबदबा निर्माण झाला तो १९४० मध्ये, शिकागो बेअर्स या संघामुळे. त्या संघाचे मालक आणि प्रशिक्षक होते जॉर्ज हॅलस. त्यांनी अंतिम सामना ७३-० असा जिंकला. एनएफएलच्या इतिहासात एवढ्या फरकाने दुसरा कोणताही सामना जिंकला गेलेला नाही. हा विजय कसा घडला आणि त्यामागचा माणूस कोण होता, हे जाणून घेऊ.

‘मोशन’ म्हणजे नेमके काय?

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानात असतात. आक्रमक संघाला चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकावे लागते. प्रत्येक प्रयत्नाची सुरुवात ‘स्नॅप’ने होते. म्हणजे मधला खेळाडू चेंडू आपल्या पायांमधून मागे देतो. स्नॅपपूर्वी आक्रमक संघाने स्थिर राहावे, असा नियम आहे. मात्र एका खेळाडूला सवलत असते. तो स्नॅपच्या क्षणी आडवा किंवा मागच्या दिशेने धावत असला तरी चालते, फक्त पुढे झेपावता येत नाही.

या छोट्या सवलतीत मोठी ताकद आहे. समजा, आक्रमक संघाचा एक खेळाडू उजवीकडे धावला. बचाव करणाऱ्यांनी त्याच्यामागे माणूस पाठवला, तर मध्ये किंवा डावीकडे जागा मोकळी होते. माणूस पाठवला नाही, तर उजव्या कडेला तो खेळाडू पास झेलायला मोकळा सापडतो. दोन्हींपैकी काहीही झाले तरी बचावफळीला चेंडू हलण्याआधीच निर्णय घ्यावा लागतो आणि तो निर्णय समोरच्याला दिसतो. गोलंदाज धावत येत असताना फलंदाजाने क्रीजमध्ये सरकून त्याला टप्पा बदलायला लावावा, तसाच काहीसा हा प्रकार आहे.

शिकागोचा सिव्हिल इंजिनीअर

जॉर्ज स्टॅन्ली हॅलस यांचा जन्म २ फेब्रुवारी १८९५ रोजी शिकागोत झाला. आई-वडील बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातून, अमेरिकेत आलेले स्थलांतरित होते. हॅलस यांनी इलिनॉय विद्यापीठात सिव्हिल इंजिनीअरिंगचे शिक्षण घेतले आणि तिथे फुटबॉल, बेसबॉल, बास्केटबॉल असे तिन्ही खेळ खेळले. फुटबॉलचे प्रशिक्षक बॉब झुपकी यांच्याकडे त्यांनी ‘टी-फॉर्मेशन’ ही जुनी रचना शिकली. तिचा उल्लेख पुढे वारंवार येणार आहे.

विद्यार्थिदशेत उन्हाळ्याच्या सुटीत ते वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काम करत. २४ जुलै १९१५ रोजी कंपनीच्या सहलीसाठी निघालेली ‘ईस्टलँड’ ही बोट शिकागो नदीत धक्क्यालगतच कलंडली आणि ८४४ जणांचा मृत्यू झाला. हॅलस त्याच बोटीने जाणार होते. पोहोचायला उशीर झाल्यामुळे ते वाचले.

पहिल्या महायुद्धात ते नौदलात होते आणि ग्रेट लेक्स तळाच्या संघाकडून फुटबॉल खेळत होते. १ जानेवारी १९१९ च्या ‘रोझ बोल’ सामन्यात या संघाने मेअर आयलंडच्या मरीन्सना १७-० असे हरवले आणि हॅलस सर्वोत्तम खेळाडू ठरले. त्यानंतर बेसबॉलमध्ये नशीब आजमावायला ते न्यूयॉर्क यँकीज संघात गेले. पण कमरेची दुखापत आड आली. १२ सामने आणि अवघे दोन हिट, एवढ्यावर ती कारकीर्द संपली. हाताशी पदवी होती. त्यामुळे त्यांनी रेल्वे कंपनीच्या पूल विभागात नोकरी धरली.

मोटारींच्या शोरूममध्ये जन्मलेली लीग

१९२० मध्ये इलिनॉयमधील डिकेटर येथे मक्यापासून स्टार्च बनवणाऱ्या स्टेली कंपनीने हॅलस यांना नोकरी दिली. काम होते कंपनीचा फुटबॉल संघ उभा करण्याचे. त्या काळी व्यावसायिक फुटबॉलला प्रतिष्ठा नव्हती. लोकांचे प्रेम होते ते महाविद्यालयीन फुटबॉलवर. व्यावसायिक खेळाडू आज या संघात, तर उद्या त्या संघात अशी स्थिती होती.

१७ सप्टेंबर १९२० रोजी ओहायो राज्यातील कँटन शहरात राल्फ हे यांच्या मोटारींच्या शोरूममध्ये विविध संघांचे प्रतिनिधी जमले. खुर्च्या पुरेनात, म्हणून काही जण गाड्यांच्या पायऱ्यांवर टेकले. त्यात हॅलस होते. सदस्यत्व शुल्क १०० डॉलर ठरले. त्या बैठकीतून जन्मलेल्या संघटनेचेच नाव १९२२ मध्ये नॅशनल फुटबॉल लीग झाले.

दुसऱ्याच वर्षी स्टेली कंपनीला संघाचा खर्च झेपेना. मालकाने हॅलस यांना ५ हजार डॉलर दिले आणि संघ शिकागोला न्यायला सांगितले. अट एकच होती, एक वर्ष कंपनीचे नाव कायम ठेवायचे. १९२२ मध्ये संघाचे नाव ‘बेअर्स’ झाले. ज्या मैदानावर ते खेळत, ते कब्ज या बेसबॉल संघाचे होते. ‘कब’ म्हणजे अस्वलाचे पिल्लू. फुटबॉलपटू बेसबॉलपटूंपेक्षा धिप्पाड, म्हणून ते झाले थेट ‘अस्वल’.

हॅलस मालक होते, प्रशिक्षक होते आणि स्वतः खेळतही होते. तिकीटविक्रीपासून वृत्तपत्रांना बातम्या पोहोचवण्यापर्यंत पडेल ते काम ते करत. १९२५ मध्ये त्यांनी महाविद्यालयीन फुटबॉलचा तारा रेड ग्रेंज याला करारबद्ध करून देशभर दौरा काढला. शिकागोतील त्याच्या पहिल्याच सामन्याला सुमारे ३६ हजार प्रेक्षक आले. व्यावसायिक फुटबॉलकडे लोक पैसे मोजून येऊ शकतात, हे या दौऱ्याने दाखवून दिले.

मोशनची कल्पना कुणाची?

ही कल्पना मुळात हॅलस यांची नव्हती. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बेअर्सची कामगिरी घसरली. हॅलस आणि त्यांचे भागीदार डच स्टर्नमन दोघेही प्रशिक्षक होते आणि आक्रमण कसे असावे यावर दोघांचे पटत नव्हते. शेवटी दोघांनीही बाजूला व्हायचे ठरवले. १९३० मध्ये राल्फ जोन्स यांना प्रशिक्षक नेमण्यात आले. इलिनॉय विद्यापीठातल्या दिवसांपासून हॅलस त्यांना ओळखत होते.

त्या काळी बहुतेक संघ ‘सिंगल विंग’ रचना वापरत. तीत चेंडू काही यार्ड मागे उभ्या असलेल्या खेळाडूकडे थेट फेकला जाई आणि बाकीचे एका बाजूला गर्दी करून त्याला वाट करून देत. ताकदीचा खेळ होता, पण चेंडू कुठे जाणार याचा अंदाज समोरच्याला येत असे. टी-फॉर्मेशनमध्ये क्वार्टरबॅक मधल्या खेळाडूच्या अगदी पाठीशी उभा राहतो आणि चेंडू हातातच घेतो. त्याच्यामागे तीन धावपटू आडव्या रांगेत असतात. वरून पाहिले तर इंग्रजी ‘टी’ अक्षर दिसते. ही रचना जुनीच होती आणि इतरांनी ती कालबाह्य ठरवली होती.

जोन्स यांनी तिच्यात तीन बदल केले. रेषेवरच्या खेळाडूंमधले अंतर वाढवले, एका ‘एंड’ला, म्हणजे टोकाच्या खेळाडूला, कडेला पाठवले आणि एका धावपटूला स्नॅपपूर्वी आडवे धावायला लावले. मैदान अचानक रुंद झाले. बचावफळीला पसरावे लागले आणि पसरले की फटी पडतात. तीन वर्षांत विजेतेपद मिळवून देण्याचा शब्द जोन्स यांनी दिला होता. १९३२ मध्ये त्यांनी तो पाळला.

बर्फाने बदललेला नियम

१९३२ चा तो निर्णायक सामनाही विलक्षण होता. शिकागोत बर्फ आणि कडाक्याची थंडी असल्यामुळे पोर्ट्समथ स्पार्टन्सविरुद्धचा सामना ‘शिकागो स्टेडियम’ या बंदिस्त सभागृहात खेळवावा लागला. मैदान केवळ ८० यार्डांचे होते. बेअर्स ९-० असे जिंकले, पण ब्राँको नागुर्स्कीने ग्रेंजला दिलेल्या निर्णायक पासवर वाद झाला. तेव्हाच्या नियमानुसार रेषेपासून किमान पाच यार्ड मागूनच पुढे पास देता येत असे. पुढच्या वर्षी लीगने नियम बदलला आणि रेषेमागून कुठूनही पास देण्याची मुभा दिली. रेषेला खेटून उभ्या राहणाऱ्या टी-फॉर्मेशनच्या क्वार्टरबॅकसाठी याहून सोयीचा बदल कोणता असणार?

मात्र विजेतेपद मिळाले तरी तिजोरी रिकामीच होती. महामंदीचा काळ होता. स्टर्नमन यांचा हिस्सा विकत घेण्यासाठी हॅलस यांना ३८ हजार डॉलर उभे करायचे होते. परिचितांकडून उसनवारी करून त्यांनी संघ हातचा जाऊ दिला नाही. पैसे वाचवण्यासाठी १९३३ मध्ये ते स्वतःच पुन्हा प्रशिक्षक झाले आणि त्या वर्षीही बेअर्स जिंकले.

शॉनेसी आणि लकमन

आता गरज होती ती ही यंत्रणा पूर्ण करणाऱ्यांची. शिकागो विद्यापीठाचे प्रशिक्षक क्लार्क शॉनेसी यांचा स्वतःचा संघ दुबळा होता, पण आक्रमणाचा त्यांच्याइतका विचार क्वचितच कुणी केला असेल. हॅलस यांनी त्यांना सल्लागार म्हणून सोबत घेतले. शॉनेसी यांनी मोशनला ‘काउंटर’ची जोड दिली. म्हणजे खेळाडू धावणार एका बाजूला आणि चेंडू जाणार दुसऱ्या बाजूला. शेकडो डाव खेळाडूंना चटकन कळावेत, यासाठी संघाची सांकेतिक भाषाही त्यांनी नव्याने बांधली.

एवढे डाव डोक्यात ठेवून क्षणात चेंडू योग्य हाती देणारा क्वार्टरबॅक हवा होता. १९३९ मध्ये हॅलस यांनी कोलंबिया विद्यापीठाच्या सिड लकमनला घेतले. तो सिंगल विंगमध्ये घडलेला खेळाडू होता. मधल्या खेळाडूच्या हातून चेंडू घेणे, वळणे, हुलकावणी देणे, सगळेच त्याला नव्याने शिकावे लागले. सुरुवातीला तो अडखळला, पण हॅलस यांनी त्याला वेळ दिला.

८ डिसेंबर १९४० रोजी काय घडले?

१७ नोव्हेंबर १९४० रोजी वॉशिंग्टनने बेअर्सना ७-३ असे हरवले. शेवटच्या क्षणी नियमभंग झाल्याची बेअर्सची तक्रार पंचांनी फेटाळली. त्यावर वॉशिंग्टनचे मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल यांनी बेअर्सना रडके ठरवून वृत्तपत्रांतून हिणवले. तीन आठवड्यांनी अंतिम सामन्यात हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर येणार होते. हॅलस यांनी ती कात्रणे खेळाडूंच्या नजरेस पडतील अशी लावली.

मात्र खरी तयारी चित्रफितीसमोर झाली. नोव्हेंबरच्या सामन्याची फिल्म पुन्हा पुन्हा पाहताना हॅलस आणि शॉनेसी यांच्या लक्षात आले की, बेअर्सचा खेळाडू मोशनमध्ये गेला की वॉशिंग्टनचे बचावपटू त्याच्या बाजूला सरकतात. म्हणून काउंटर डावांवर भर देण्याचे ठरले. प्रश्न एवढाच होता की, वॉशिंग्टनने मधल्या काळात बचाव बदलला असेल तर? त्यासाठी सामन्याचे सुरुवातीचे डाव चाचणी म्हणून राखले गेले.

वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियममध्ये ३६ हजारांवर प्रेक्षक होते. पहिल्याच डावात उत्तर मिळाले. बचाव तोच होता. दुसऱ्या डावात बिल ओस्मान्स्कीने डाव्या कडेने ६८ यार्ड धावत टचडाऊन केला. वाटेत जॉर्ज विल्सनने एकाच धडकेत दोघांना आडवे केले. पहिल्या सत्राअखेर २१-०, मध्यंतराला २८-०, तिसऱ्या सत्राअखेर ५४-० आणि शेवटी ७३-०. एकूण ११ टचडाऊन झाले आणि ते १० वेगवेगळ्या खेळाडूंनी केले. वॉशिंग्टनचे आठ पास बेअर्सनी पळवले, त्यातल्या तिन्हींचे थेट टचडाऊन झाले. टचडाऊननंतरच्या जादा गुणासाठी मारलेले चेंडू प्रेक्षकांत जात होते. चेंडू संपत आल्याने अखेरीस किक न मारण्याची विनंती पंचांना करावी लागली.

रेडिओवर देशभर प्रसारित झालेला हा पहिला अंतिम सामना होता. शॉनेसी त्या वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले होते. त्यांचा संघही टी-फॉर्मेशनने हंगामभर अपराजित राहिला आणि १ जानेवारी १९४१ चा रोझ बोल जिंकला. त्यानंतर एकेक संघ या रचनेकडे वळत गेला. एनएफएलमध्ये सिंगल विंगला सर्वांत शेवटी, १९५२ मध्ये, सोडचिठ्ठी दिली ती पिट्सबर्ग स्टीलर्सने.

यात ‘टेम्पो’ कुठे येतो?

मोशनने समोरच्याला विचारात पाडायचे आणि तो सावरण्याआधी चेंडू पुढे न्यायचा, हे टी-फॉर्मेशनचे दुसरे अंग. चेंडू क्वार्टरबॅकच्या हाती क्षणात येतो आणि मागचा धावपटू वेगात येऊन तो घेतो. त्यामुळे रेषेवरच्या खेळाडूंना समोरच्याला फार वेळ रेटत बसावे लागत नाही. क्षणभर अडवले तरी फट पुरते.

पुढे टेम्पोचा अर्थ विस्तारला. दोन डावांमध्ये एकत्र जमून चर्चा करण्याला ‘हडल’ म्हणतात. १९८८ च्या हंगामात सॅम वायश यांच्या सिनसिनाटी बेंगल्सने आणि त्यानंतर जिम केलीच्या बफेलो बिल्सने हडल टाळून सलग डाव खेळण्याला मुख्य हत्यार बनवले. समोरच्याला दमलेले खेळाडू बदलायलाही फुरसत मिळेना. बिल्स सलग चार वर्षे सुपर बोलमध्ये पोहोचले, पण चारही वेळा हरले. घाईगर्दीत खेळायचे तर डावांची भाषा आटोपशीर आणि सर्वांना पाठ असावी लागते. शॉनेसींनी बेअर्ससाठी केलेले काम त्याच जातीचे होते.

हॅलस यांची दुसरी बाजू

हॅलस यांना ‘पापा बेअर’ म्हणत, पण या पित्याचा हात आखडता होता. मानधनावरून खेळाडूंशी त्यांचे खटके उडत. त्याहून गंभीर प्रश्न वर्णभेदाचा आहे. १९२० च्या दशकात लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू होते. १९३३ च्या हंगामानंतर मात्र १९४६ पर्यंत एकही नव्हता. लिखित नियम कुठेच नव्हता, पण मालकांनी ही बंदी पाळली आणि हॅलस हे त्यातले वजनदार मालक होते. बेअर्सच्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, एडी मॅकन, आला तो १९५२ मध्ये. पुढच्याच वर्षी विली थ्रोअर बेअर्सकडून क्वार्टरबॅक म्हणून मैदानात उतरला. आधुनिक एनएफएलमधला तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. मैदानावर सर्वांच्या आधी पाऊल उचलणारा हा माणूस या बाबतीत इतरांबरोबर थांबून राहिला, हे त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही.

दुसरीकडे, लीग टिकावी म्हणून त्यांनी स्वतःच्या फायद्यावर पाणीही सोडले. १९६१ मध्ये दूरचित्रवाणीचे उत्पन्न सर्व संघांत समान वाटण्याचा प्रस्ताव आला. शिकागोसारखे मोठे शहर हाताशी असलेल्या हॅलस यांना स्वतंत्र करारातून अधिक मिळाले असते. तरीही त्यांनी समान वाटपाला पाठिंबा दिला. ग्रीन बेसारख्या छोट्या शहराचा संघ आजही टिकून आहे, त्यात या निर्णयाचा वाटा मोठा आहे.

अखेरची वर्षे आणि वारसा

१९४२ च्या हंगामाच्या मध्यात हॅलस पुन्हा नौदलात दाखल झाले आणि पॅसिफिक क्षेत्रात सेवा बजावून परतले. १९४६ मध्ये बेअर्स पुन्हा विजेते ठरले. १९६३ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्यांनी न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध १४-१० असा अंतिम सामना जिंकला. चार टप्प्यांत मिळून ४० हंगाम प्रशिक्षकपद सांभाळून ते १९६७ च्या हंगामानंतर थांबले, तेव्हा त्यांच्या नावावर ३२४ विजय होते. हा विक्रम डॉन शुला यांनी १९९३ मध्ये मोडला.

३१ ऑक्टोबर १९८३ रोजी, ८८ व्या वर्षी, शिकागोत हॅलस यांचे निधन झाले. त्यांची कन्या व्हर्जिनिया मॅकॅस्की यांनी त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ संघाची मालकी सांभाळली. फेब्रुवारी २०२५ मध्ये १०२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. बेअर्सच्या जर्सीच्या बाहीवर आजही हॅलस यांची आद्याक्षरे असतात.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेटबरोबरच ‘फ्लॅग फुटबॉल’ हा या खेळाचा धक्काबुक्कीविरहित प्रकारही असेल. त्यामुळे अनेक भारतीय प्रेक्षक हा खेळ पहिल्यांदाच पाहतील. तेव्हा आडव्या धावणाऱ्या खेळाडूकडे बघत बसण्याऐवजी समोरच्या बचावपटूंकडे लक्ष द्यावे. त्यांच्यातला कोण सरकतो आणि कोण जागीच थांबतो, हे पाहिले की पुढचा डाव कुठे जाणार याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. १९४० च्या त्या पहिल्या डावात हॅलस यांनी नेमके हेच पाहिले होते.